नाव न घेता सांगा

वहिनीला इंग्रजी शिकायचं होतं ते गुडघ्यांसाठी. लोक इंग्रजी शिकतात परदेशात जायला, साहेब व्हायला, नाहीतर शेजाऱ्यांवर छाप मारायला. वहिनीला फक्त बसायचं होतं. चोवीस वर्षं ती एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत गरम रोलरपुढे उभी होती. ओली चादर इकडून सरकवायची, पलीकडून कोरडी आणि कडक होऊन आली की घडी घालायची, की लगेच पुढची. डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "बाई, तुम्ही कधी बसता की नाही?"

"बसते की," वहिनी म्हणाली. "जेवताना."

डॉक्टरांनी सांगितलं, बसून करायचं काम शोधा, नाहीतर सहा महिन्यांत काम सोडून घरीच बसावं लागेल. घरी बसायला वहिनीचा नवरा होताच. रखवालदारीतून सुटल्यापासून तो दिवसभर घरी बसायचा आणि ते काम इतकं मन लावून करायचा की दुसऱ्या माणसाची तिथं गरजच नव्हती.

आता लाँड्रीत खुर्ची होती एकच. पाहुण्यांचे कपडे जिथे येतात आणि जातात तिथे काचेची खिडकी, खिडकीमागे टेबल, टेबलावर फोन आणि फोनमागे ती खुर्ची. पाठीला टेकायला होतं, बसायला गादी होती, आणि खाली चाकंसुद्धा होती, म्हणजे उठायचा प्रश्नच नाही. त्या खुर्चीवर एकोणीस वर्षं बसलेला कारकून निवृत्त झाला आणि मॅनेजरबाईंनी जाहीर केलं की यापुढे तिथे बसणाऱ्याला फोनवर पाहुण्यांशी इंग्रजीत बोलता आलं पाहिजे. आठवड्यातून तीन दिवस दुपारी वर्ग भरेल. दोन महिन्यांनी परीक्षा. जो पहिला येईल, त्याची खुर्ची.

वर्गाला सातजण आले. पहिल्या आठवड्यात दोघं गळले, दुसऱ्यात तिघं. उरल्या दोघी. एक वहिनी आणि दुसरी तिची नणंद.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. वहिनीला सगळं हॉटेल वहिनी म्हणायचं ते या नणंदेमुळेच. नणंद तिच्याआधी दोन वर्षं लाँड्रीत लागली होती. भावाचं लग्न झाल्यावर तीच हिला हात धरून घेऊन आली आणि पहिल्या दिवशी सगळ्यांना म्हणाली, "ही आमची वहिनी." झालं. मॅनेजरबाई वहिनी म्हणायच्या, साबण पोचवणारा वहिनी म्हणायचा, हजेरीच्या वहीतसुद्धा कुणीतरी तेच लिहून ठेवलं होतं. नणंदेला म्हणायचे ड्रमताई. तिच्याकडे धुण्याचे चार मोठे ड्रम होते. सव्वीस वर्षं हात पाण्यात, सोड्यात आणि ब्लीचमध्ये. हाताची कातडी भिंतीच्या रंगासारखी पोपडे धरून निघायची. तिलाही डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोरडं काम बघा. म्हणजे खुर्ची तिलाही हवी होती आणि उगाच हवी नव्हती. हे वहिनीला माहीत होतं. माहीत असून नसल्यासारखं करणं तिला बरं पडत होतं.

दोघींची दारं एकमेकींसमोर. मध्ये जिन्याचा चौक. चोवीस वर्षांत भांडण असं झालंच नाही, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. नणंद बोलायची ती हुकूम सोडल्यासारखी. "दूध उतू जातंय." "त्याला सांग, केस काप." वहिनीच्या मनात नणंदेबद्दल एकच शब्द होता: आखडू. सासू मात्र आपल्याला जीव लावायची असं तिचं ठाम मत होतं. त्या सासूचे पाय तिनं अकरा वर्षं चेपले, ती गेली तेव्हा ढसाढसा रडली, आणि नणंदेच्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही याचा राग अजून धरून होती.

आता मास्तरांबद्दल. मॅनेजरबाईंनी इंग्रजी शिकवायला जो माणूस आणला तो शाळेत आयुष्यभर पीटी शिकवायचा. इंग्रजीचे खरे मास्तर दुपारी मोकळे नव्हते, हे मोकळे होते. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, पोट मात्र कुठल्याच खेळात न बसणारं. शिट्टीमास्तरांकडे पुस्तक नव्हतं, फळा नव्हता. "खेळलं की भाषा येते," एवढंच त्यांचं शास्त्र. चादरींच्या कोठारात, घड्यांच्या उंच थप्प्यांमध्ये त्यांनी वर्ग मांडला आणि तीन नियम सांगितले. एक, मराठी बोललात तर टेबलाभोवती पळत एक फेरी. दोन, लबाडी केली तर फाउल, स्वतःचा एक गुण वजा, समोरच्याला एक जास्त. तिसरा नियम ते सांगायचे विसरले आणि शेवटपर्यंत कुणाला कळला नाही.

पळायचं म्हटल्यावर वहिनीनं मराठी तिथल्या तिथे सोडली. पहिले चार दिवस ती वर्गात शब्दही बोलली नाही.

पहिला खेळ सोपा होता. मास्तर हुकूम देणार. हुकमाआधी 'मास्तर सेज' म्हणाले तरच ऐकायचं, नाही म्हणाले तर ढिम्म उभं राहायचं. "मास्तर सेज, हँड्स अप." सातही जणांचे हात वर. "हँड्स डाउन." सातही जणांचे हात खाली. मास्तरांनी शिट्टी फुंकली. "फाउल! मी 'मास्तर सेज' म्हणालोच नव्हतो." पुन्हा केलं, पुन्हा तेच. दहा वेळा केलं, दहा वेळा सगळे बाद. मास्तरांना वाटलं, नियम कळला नाही. नियम छान कळला होता. पण ज्या माणसांनी वीस वीस वर्षं वरून आलेला हुकूम ऐकला आहे, ती हुकमाच्या आधी काय म्हटलं हे बघत बसत नाहीत. बघत बसली असती तर वीस वर्षं टिकली नसती. शेवटी मास्तरांच्या हातून कागद पडला, ते उचलायला वाकले, आणि वर मान करून बघतात तर सगळा वर्ग वाकलेला.

दुसऱ्या खेळात कपाळावर चिठ्ठी चिकटवायचे. चिठ्ठीवर कोण लिहिलंय हे बाकीच्यांना दिसणार, आपल्याला नाही, प्रश्न विचारून ओळखायचं. वहिनीच्या कपाळावर 'क्वीन' लिहिलं होतं. तिनं विचारलं, "आय वॉश?" सगळे म्हणाले, "नो." "आय आयर्न?" "नो." "आय कुक?" "नो." वहिनीनं पुष्कळ विचार केला. "आय मॅन?" म्हणाली. तेही नो आल्यावर ती खालीच बसली. धूत नाही, इस्त्री करत नाही, रांधत नाही आणि पुरुषही नाही, असं कोण असतं ते तिला बापजन्मात ठाऊक नव्हतं. नणंद मात्र आपल्या कपाळावरचा 'मंकी' तिसऱ्या प्रश्नाला ओळखून मोकळी झाली. वहिनीला त्यात नवल वाटलं नाही.

एका खेळात बाहेरच्या भिंतीवर कागद लावायचे. धावत जायचं, वाक्य वाचायचं, डोक्यात धरून धावत यायचं, आणि जोडीदाराला सांगून लिहून घ्यायचं. नणंद धावायची. वहिनी लंगडत जायची, अर्धं वाचायची आणि उरलेलं स्वतःच्या मनानं जोडून सांगायची. कागदावर होतं की एक मुलगी बाजारात गेली आणि तिनं फुलं घेतली. वहिनीची मुलगी बाजारात गेली, बसली, आणि मग परत आलीच नाही. मास्तरांनी विचारलं, "हे कुठून आणलंस?" वहिनी म्हणाली, "गर्ल टायर्ड."

अशी ही मागे पडलेली वहिनी सहाव्या आठवड्यात एकदम पुढे कशी आली, त्याचं कारण लाँड्रीच्या एका जुन्या रिवाजात आहे.

लाँड्रीत डागाचं नाव घेत नाहीत. तळघराच्या दारातच पाहुण्यांची लिफ्ट थांबते, आणि फार पूर्वी कुणीतरी मोठ्यानं ओरडलं होतं की तीनशे बाराच्या गादीवर अमुक अमुक आहे, तेव्हा तीनशे बाराचे साहेब सहकुटुंब लिफ्टमध्ये उभे होते. त्या दिवसापासून बंदी. काय सांडलंय, काय लागलंय, काय झालंय ते नाव न घेता सांगायचं. "चारशे दोन, सकाळचं, पिवळं, गरम पाणी नको." म्हणजे अंडं. "दोनशे अकरा, खिशातलं, निळं." म्हणजे शाई. "एकशे नऊ, माणसाचंच आहे पण रक्त नाही, आणि माणूस लहान नाही." म्हणजे काय ते लाँड्रीत सगळ्यांना कळायचं आणि पुढचा माणूस हातमोजे घालायचा. चोवीस वर्षं रोलरवरून ड्रमकडे आणि ड्रमवरून रोलरकडे वहिनी आणि नणंद हेच बोलत आल्या होत्या. घरातल्यापेक्षा जास्त बोलणं या डागांबद्दल झालं असेल.

तर सहाव्या आठवड्यात मास्तरांनी नवा खेळ काढला. पत्त्यांएवढी कार्डं, प्रत्येकावर एका वस्तूचं नाव. एकीनं कार्ड बघायचं आणि नाव न घेता इंग्रजीत सांगायचं, दुसरीनं ओळखायचं. हातवारे नाहीत. हात मांडीखाली दाबून बसायचं, कारण फोनवर पाहुण्याला हात दिसत नाहीत.

वहिनीनं पहिलं कार्ड बघितलं आणि तिच्या तोंडून आपोआप आलं, "कॉलर. ब्राउन. मॅन लेट ऑफिस."

"कॉफी," नणंद म्हणाली.

"पिलो. रेड. नॉट वाइफ."

"लिपस्टिक."

मास्तरांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. पंधरा मिनिटांत तीस कार्डं संपली. यांना जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल ती चादरीवर काय ठेवून जाते एवढंच ठाऊक होतं आणि तेवढं पुरत होतं. मेणबत्ती म्हणजे "बर्थडे, ड्रॉप, पेपर अँड आयर्न". बाळ म्हणजे "स्मॉल मॅन, एव्हरीथिंग". मास्तरांनी मॅनेजरबाईंना वर जाऊन सांगितलं की दोघी इंग्रजी बोलायला लागल्या आहेत. बाकी कुणाला ते कळेल की नाही याची खात्री नाही, पण बोलतात. मॅनेजरबाई म्हणाल्या, पाहुण्यांचं इंग्रजी तरी कुठे कुणाला कळतं. परीक्षा याच खेळाची घ्या.

परीक्षेचे नियम असे. प्रत्येकीला दोन मिनिटं. सांगणारीला, ओळखल्या गेलेल्या प्रत्येक कार्डाचा एक गुण. ओळखणारीला काही नाही.

वहिनीनं हे घरी नवऱ्याला सांगितलं. तो तिच्या गुडघ्याला तेल चोळत होता. गेली दोन वर्षं हे काम त्याच्याकडे होतं आणि त्याचे हात भरून यायचे. तो चोळायचा थांबला आणि म्हणाला, "म्हणजे तिचे गुण तुझ्या तोंडात."

"म्हणजे?"

"म्हणजे, तू ओळखलंस तर तिला गुण. नाही ओळखलंस तर नाही. मग कशाला ओळखतेस? दोनचार सोडून दे."

"तुमची सख्खी बहीण आहे ती."

"बहीण आहे," नवरा म्हणाला, "पण तिचे गुडघे मला चोळावे लागत नाहीत."

वहिनीनं त्याला चार शब्द सुनावले. पण रात्रभर ती हिशेब करत पडली की दोनचार म्हणजे नेमके किती.

परीक्षा शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीच्या आधी. कोठारात टेबल, दोन स्टुलं, मॅनेजरबाई घड्याळ घेऊन, मास्तर वही घेऊन. निकाल जेवणानंतर सांगणार होते. चिठ्ठी टाकली तेव्हा नणंदेची पाळी आधी आली.

नणंद हात मांडीखाली घालून बसली. शिट्टी झाली. आणि वहिनीचं काय झालं ते तिलाच कळलं नाही. ठरवून आली होती की तोंड आवरायचं. पण नणंद म्हणाली, "मॉर्निंग, यलो, कोल्ड वॉटर ओन्ली," आणि वहिनीची जीभ तिच्या आधी धावली. "एग!" मग टॉवेल गेला, बटण गेलं, शाई गेली, लिंबू गेलं. डोकं म्हणत होतं गप्प बस, पण चोवीस वर्षांची सवय तोंडात होती. मॅनेजरबाई घड्याळ विसरून हसत होत्या. दहा कार्डं झाली. मॅनेजरबाई म्हणाल्या, "वीस सेकंद." तेव्हा वहिनीला एकदम खुर्ची आठवली, तिची गादी, तिची चाकं, आणि तिनं ओठ घट्ट मिटले.

नणंदेनं अकरावं कार्ड उचललं. "बेड," ती म्हणाली. "हेवी. कोल्ड."

ब्लँकेट. यात ओळखायचं ते काय, अर्ध्या लाँड्रीत तेच पडलेलं असतं. शब्द वहिनीच्या जिभेवर येऊन बसला. तिनं तो तिथेच धरून ठेवला आणि मान हलवली.

नणंदेला वाटलं, हिला खरंच कळत नाहीये. तिनं जरा विचार केला. मग वहिनीकडे बघून म्हणाली, "यू न्यू. न्यू वाइफ. माय ब्रदर नाइट ड्यूटी. यू स्लीप फ्लोअर. व्हेरी कोल्ड. माय मदर लॉक ट्रंक. नो गिव्ह. आय गिव्ह. माय ओन. यू स्लीप. आय नो स्लीप."

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली.

ती रात्र तिला लख्ख आठवत होती. लग्नाला चार दिवस झाले होते, नवरा रात्रपाळीला, ती बाहेरच्या खोलीत फरशीवर सतरंजी टाकून काकडत पडली होती. अंधारात कुणीतरी आलं, अंगावर जाड ब्लँकेट टाकलं आणि न बोलता गेलं. सकाळी ब्लँकेट अंगावर होतं आणि सासू चुलीशी होती. दोन आणि दोन चार. सासूनं दिलं. वरून कडक आहेत पण आतून माया आहे, असं तिनं त्या दिवशी ठरवलं आणि त्या एका ब्लँकेटच्या जोरावर म्हातारीनं अकरा वर्षं पाय चेपून घेतले. कधी ब्र काढला नाही की बाई गं, ते माझं नव्हतं. आणि जिनं दिलं ती समोरच्या दारात आखडू म्हणून चोवीस वर्षं काढत होती.

शिट्टी वाजली. "टाइम. टेन," मास्तर म्हणाले.

वहिनीचं तोंड अर्धवट उघडं होतं. तिला धक्का बसला होता हे खरं. पण धक्का बसायच्या आधी शब्द तिच्याकडे होता आणि तिनं तो दाबला होता, हेही खरं. दुसरं खरं तिला पहिल्याच्या आड लपवता आलं असतं. तिला तशी सवड मिळाली नाही, कारण तिची पाळी सुरू झाली.

ती सांगत गेली. काय सांगितलं तिला नंतर आठवलं नाही. नणंद ओळखत होती, पुढे वाकून, मान वर करून, एकेका शब्दाला झडप घालत. एकदा वहिनी फक्त "वेट" म्हणाली आणि नणंद म्हणाली, "अंब्रेला." शेवटच्या पाच सेकंदांत एक कार्ड राहिलं होतं, वहिनीला काही सुचेना, तर नणंद मांडीखालचे हात दाबून तिला म्हणायला लागली, "से! से! एनी वर्ड, से!" वहिनी म्हणाली, "बेबी. व्हाइट." नणंद म्हणाली, "मिल्क," आणि शिट्टी झाली.

अकरा.

जेवणाच्या सुट्टीत वहिनी आपला डबा घेऊन ड्रमच्या खोलीत गेली. चोवीस वर्षांत ती तिथं जेवायला कधी गेली नव्हती. नणंद उलट्या बादलीवर बसून जेवत होती. हाताला पांढरं मलम लावलेलं, म्हणून चमच्यानं. तिनं दुसरी बादली पायानं पुढे सरकवली. वहिनी बसली, गुडघ्यांनी आवाज केला.

"ताई, ते ब्लँकेट तुमचं होतं?"

"मग कुणाचं? आईचं? आई देईल होय?"

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

वहिनीनं डबा उघडला आणि तसाच ठेवला. "मला वाटलं सासूबाईंनी दिलं."

"माहितीये," नणंद म्हणाली. "म्हणून तर पाय चेपत होतीस. मला वाटायचं, सांगून टाकावं. पण आईचे पाय मग मला चेपावे लागले असते."

वहिनीला हसू आलं. "ताई," ती म्हणाली, "मला कळलं होतं. ब्लँकेट. मला येत होतं उत्तर."

नणंदेनं चमचा थांबवला. "कधी कळलं?"

"तुम्ही 'कोल्ड' म्हणालात तेव्हाच."

ड्रममधलं पाणी उतरायला लागलं होतं, त्याचा आवाज थोडा वेळ चालला. नणंद रागावली असती तर वहिनीला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. तिनं वहिनीच्या डब्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जेव. गार होतंय."

"आणि तुम्ही माझे सगळे ओळखलेत."

"ओळखायचेच होते. खेळ होता ना."

वहिनी जेवली नाही. ती उठली आणि जिना चढायला लागली. मॅनेजरबाईंची खोली वर होती आणि मधे एक्केचाळीस पायऱ्या. चौथ्या पायरीवर तिला पश्चात्ताप झाला. अजून काही केलेलं नव्हतं, तरी झाला. विसाव्या पायरीवर ती कठड्याला धरून उभी राहिली आणि स्वतःला म्हणाली, परत फिर, बाई. कुणाला काही कळलेलं नाही. ताई बोलणार नाही, ती चोवीस वर्षं बोलली नाही. गुडघे ठणकत होते. तिला रडू आलं, ते गुडघ्यांमुळे की आणखी कशामुळे ते तिनं तपासलं नाही. मग बाकीच्या एकवीस पायऱ्या चढली.

मास्तर आणि मॅनेजरबाई निकालाचा कागद करत होते. वहिनीनं मास्तरांच्या गळ्यातली शिट्टी बघितली आणि फेरी पडायला नको म्हणून इंग्रजीतच म्हणाली, "सर. ब्लँकेट. आय नो. आय शट माउथ. फाउल."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. शिट्टी तोंडात धरली, पण फुंकली नाही. वहीत वहिनीच्या अकराचे दहा केले आणि नणंदेच्या दहाचे अकरा.

"अहो वहिनी," मॅनेजरबाई म्हणाल्या, "खुर्ची तुम्हाला मिळाली होती. कागदावर सही तेवढी राहिली होती."

"माहितीये," वहिनी म्हणाली. "म्हणून तर पटकन आले."

खाली उतरताना तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. असं केलं की मन हलकं होतं म्हणतात. वहिनीला वाईट वाटत होतं, सरळ सरळ वाईट, आणि नवऱ्याला काय सांगायचं याची धास्ती. नवऱ्याला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "तेल संपत आलंय."

सोमवारी नणंद खुर्चीवर बसली. हातांना मलम, समोर फोन. पहिला फोन आला तेव्हा रोलर अर्धं मिनिट थांबवून सगळी लाँड्री ऐकत उभी राहिली. "येस सर," नणंद म्हणाली. "शर्ट. आय अंडरस्टँड. रेड. नॉट वाइफ. नो प्रॉब्लेम सर, आय टेल नोबडी." पलीकडचा पाहुणा बहुधा खूश झाला असावा, कारण संध्याकाळी त्यानं आणखी दोन शर्ट पाठवले.

जेवणाच्या सुट्टीत नणंद रोलरजवळ आली. बोलायची रीत तीच, हुकमाची. "माझे ड्रम त्या नव्या बाईनं बिघडवलेत. मी बघून येते. तू खिडकीत बस. अर्धा तास. फोन आला तर उचल."

वहिनी जाऊन बसली. खुर्ची चांगली होती. तिनं मनात जेवढी मऊ धरली होती तेवढीच मऊ होती, आणि याचा तिला भयंकर राग आला. निदान टोचायला तरी हवी होती. गुडघे सुटे झाले, पाय लांब झाले, आणि तिला कळलं की हे सगळं तिचं होऊ शकलं असतं.

अर्धा तास झाला, नणंद आली नाही. चाळीस मिनिटांनी आली, "हं, ऊठ," म्हणाली. मंगळवारी पन्नास मिनिटं झाली. बुधवारी एक तास. ड्रम आता सव्वीस वर्षांत चालले नव्हते इतके सुरळीत चालले होते, हे वहिनीला रोलरवरून ऐकू येत होतं.

गुरुवारी नणंद आली तेव्हा वहिनी उठली नाही.

"ताई, ड्रमला काय झालंय?"

"काही नाही."

"मग उशीर का करता?"

नणंद खिडकीच्या काचेवरचा एक ठिपका मलमाच्या बोटानं पुसायला लागली. त्यानं काच आणखीच खराब झाली. ती बराच वेळ पुसत राहिली.

"विचारलंस एकदाचं," ती म्हणाली.

वहिनी खुर्चीतूनच म्हणाली, "मला रडू येतंय, ताई."

"मग रड की," नणंद म्हणाली. "पण फोन वाजला तर आधी तो उचल."